काळ्या दोन खाचा

रामबागेतल्या पतपेढीचं यंत्र थिजायचं
ते बहुतेक दुपारी, व्याज चढवताना.
पडद्यावरचं घड्याळ तीन सतराला उभं,
बाण द्वारका सुपेकरांच्या खात्यावर टेकलेला,
कॅप्स लॉक दाबलं तरी दिवा लागेना.
पंखा तेवढा फिरत राहायचा,
घरात कुणी नसताना चालू राहिलेल्या रेडिओसारखा.

"फुकटचं घातलंत ना," भुस्कुटेसाहेब म्हणाले,
"मग असंच होणार."
लिनक्स मीच घातलं होतं. गप्प बसले.
चहा आला. कपाला कान नव्हता.

आधी रॅम. रात्रभर तपासणी लावून
खुर्चीतच पेंगले;
पहाटे पडद्यावर: चुका शून्य.
मग केबल. मग पॉवर सप्लाय,
माझ्या घरच्या मशीनमधून उपटून आणलेला.
मग कर्नल, एकदा मागचा, एकदा पुढचा.
डिस्कला विचारलं तर तिने सगळा हिशेब समोर टाकला:
अकरा हजार तास चाललेय,
एक सेक्टर मेलेला नाही,
बाई, आणखी काय हवं?
मंगळवारी दोनदा थिजलं. बुधवारी नाही.
बुधवारी सराफ्यात जाऊन एकटीने गराडू खाल्ले.
गुरुवारी आल्या आल्या.

नोंदी उघडाव्यात तर तिथे काहीच नाही.
दोन बावन्नला कुणाचं तरी पासबुक छापलं,
दोन त्रेपन्नला
आणि पुढे कोरं.
फार उशिरा लक्षात आलं:
लिहिणाऱ्याचाच हात धरला जातोय.
जी वाट बंद पडते
तिच्यावरूनच तर बातमी जायची आहे.

म्हणून जुना लॅपटॉप आणला,
बिजागरी मोडकी, झाकण भिंतीला टेकवलेलं,
आणि मधे पाच मीटर तार टाकली:
डिस्कवर नको लिहूस.
इकडे सांग. बसलेय मी.

शनिवारी, तीन चाळीस. पडदा थिजला,
आणि लॅपटॉपवर ओळी उतरायला लागल्या,
धाप लागलेल्या:
पाचवा दुवा उत्तर देत नाही.
पुन्हा जोडतोय. उत्तर नाही.
वेग कमी करून बघतोय. उत्तर नाही.
पुन्हा.
मग तेही थांबलं.

पाचवा.
कॅबिनेट आडवं पाडलं, टॉर्च दातांत धरला.
सहा खाचा. चार निळ्या, दोन काळ्या.
निळ्या मोठ्या चिपच्या, सख्ख्या.
काळ्या दोन मात्र कोपऱ्यातल्या
नखाएवढ्या भलत्याच चिपवर टांगलेल्या,
खोक्यावर 'सहा' छापता यावं म्हणून.
बोट ठेवलं आणि चटकन काढून घेतलं.

सिल्व्हर मॉलमध्ये लालवानीला फोटो दाखवला.
त्याने चष्मा कपाळावर चढवला:
"मैडम, ये वाली तो गरम हुई कि सो जाती है.
सबको पता है."
सबको.
तीन आठवडे, आणि सबको.

नवा बोर्ड साडेचार हजार.
भुस्कुटेसाहेब म्हणाले, बघू, संचालक मंडळापुढे ठेवू.
तेव्हा डिस्कची केबल काढली
आणि दोन बोटं डावीकडे,
निळ्या खाचेत बसवली.
टक् असा आवाज आला. एवढंच काम.

आज अकरावा दिवस. मे महिना, बेचाळीस अंश,
व्याज सगळं चढलं, सुपेकरबाई पासबुक घेऊन गेल्या.
"म्हणजे इतके दिवस केबलच ढिली होती तर,"
भुस्कुटेसाहेब सगळ्यांना सांगतायत.
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

काळ्या खाचांवर कागदी टेप चिकटवली,
बॉलपेनने लिहिलं: इथे काही लावू नये.
खाली तेच हिंदीत,
माझ्यानंतर कोण हे उघडेल सांगता येत नाही.
तारीख घातली. नाव लिहावं का
म्हणून पेन जरा वेळ तसंच धरलं,
मग झाकण लावून टाकलं.
चारातले तीनच स्क्रू सापडले.