पाच तारे

फादर तुस्कानोंनी बोलावलं, ते कल्हईसाठी नव्हे.
देवळामागच्या (चुकलो, चर्चमागच्या)
चाफ्याखाली एक साधू उभा:
दगडी झग्यात असा वारा भरलेला
की मी नकळत माझी टोपी धरली.
एक पाय पुढे, मान कलती,
ओठांवर बोट. नखाचा टवका उडालेला.
डोक्यामागे नुसती गंजकी तार.
"पाच तारे होते तिथे," फादर म्हणाले, "तांब्याचे."

राणीनं कानात सांगितलेलं
राजाला सांगितलं नाही, म्हणून
याला पुलावरून नदीत टाकला.
बुडाला तिथे पाण्यावर पाच दिवे दिसले म्हणे.

आमच्या आळीत कुणाचं गुपित राहत नाही,
आणि कुणाला धड ऐकूही येत नाही;
चाळीस वर्षं ठोके घालून
माझा डावा कान केव्हाच गेला.
तारे घडवले घरीच, रात्री,
एका फुटक्या घंगाळाच्या पत्र्यातून.
घंगाळ वत्सलेच्या माहेरचं. तिला सांगितलं नाही.

बसवायला शिडीवर चढलो
तर तोंड नेमकं त्याच्या कानापाशी.
खाली शलमोन शिडी धरून जांभया देत होता.
बोललो थोडं. भावाच्या वाटणीचं.
काय ते इथे लिहीत नाही.

परवा गंगेला पूर.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
आणि सगळं नाशिक पुलावर.
मीही गेलो. लोक मारुती बघत होते,
मी गढूळ पाण्यात उगाच मोजत राहिलो.
तीनपर्यंत आलो,
तेवढ्यात पोलिसानं शिट्टी मारली.