पोटभाडेकरू

अकरा वर्षं मी हे गाव संडासांवरून ओळखतो.
सात रस्त्याला एक आहे, त्याला कडी नाही,
दार पायानं धरून बसायचं.
अशोक चौकात टॉवेलच्या दुकानामागं, मालक ओळखीचा.
स्टँडवरच्याला सुट्टे लागतात.
सुट्टे शोधण्याइतका वेळ माणसाकडं असतो
असं ज्यानं ठरवलं, त्याचं पोट चांगलं असणार.

दुर्बीण झाली. सोनोग्राफी दोनदा. रक्त किती वेळा, विसरलो.
"सगळं नॉर्मल आहे" हे इतक्या जणांनी सांगितलं
की नॉर्मल हेच माझ्या रोगाचं नाव असावं.
मेव्हणा म्हणाला, टेन्शन घेतोस बे.
मी वार्पिंग खात्यात. दोन हजार धाग्यांतला एक तुटला
तरी मशीन आपसूक थांबतं, लाल दिवा लागतो.
माझ्यात दिवा नाही. थेट पळापळ.

डॉक्टर शाहीन मुजावरांनी कागदावर आतडं काढलं,
जत्रेतल्या जिलेबीसारखं.
"इथं कोट्यवधी राहतात. भांडण त्यांच्यात आहे.
धडधाकट माणसाचे आणून सोडायचे, बघायचं."
आणायचे कुठून?
बिराजदार सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या.
"त्याच्या शौचातून."

संमतीपत्र अकरा पानांचं, मराठीत.
शौच हा शब्द बेचाळीस वेळा.
मोजता मोजता लाज गेली.
निम्म्या लोकांना परक्याचं. निम्म्यांना
त्यांचंच, गोठवून, साफ करून, परत.
कुणाला काय, ते आम्हालाही कळणार नाही, डॉक्टर म्हणाल्या,
आणि मला त्या पहिल्यांदाच माझ्यासारख्या वाटल्या.

घरी सांगितलं. पुष्पलताचं लाटणं थांबलं.
"तुम्ही भावाच्या ताटातलं उष्टं खात नाही,"
एवढंच बोलली.
पोळी करपली, तीच मला वाढली.

व्यंकटेश इराबत्ती, वय चव्वेचाळीस, क्रमांक सतरा.
डावी कूस. थंड नळी. छताला पंखा, त्याचं एक पातं वाकडं.
झालं.

मग मी त्याला शोधायला लागलो. देणाऱ्याला.
नव्या पेठेत एक जण उभ्या उभ्या तिसरी प्लेट मिरची भजी खात होता,
हा असेल का?
पाणी सोडणारा म्युन्सिपालटीचा माणूस, चावीवर हात ठेवून
बसल्या जागी झोपलेला, तो?
जो असेल त्याचे लोक आता माझ्यात
भाडं न भरता राहतायत. राहू देत.
घरमालकालाच इथं कुठं धड झोप होती.

दुसऱ्या आठवड्यात कडक भाकरी खाल्ली,
शेंगाची चटणी, वर तेल, भीत भीत.
रात्रभर जागा राहिलो, काही होतंय का बघत.
काहीच झालं नाही.
महिन्यानं अक्कलकोटच्या एसटीत मागची सीट घेतली, खिडकीची,
दारापासून सगळ्यात लांब.
पुष्पलतानं हळूच माझ्या पोटाला हात लावला,
पाहुणे आलेल्या घराचं दार लोटावं तसा.

तीन महिने.
मग एका मंगळवारी, पाळी बदलताना, पुन्हा.

वर्षानं पाकिटं फुटली. फोन आला.
"इराबत्ती, तुम्हाला तुमचंच दिलं होतं."
पलीकडं कुणीतरी कपबशी ठेवली, आवाज आला.
मग ते तीन महिने, मॅडम?
"तेही लिहून ठेवलंय," त्या म्हणाल्या.
कारण नाही सांगितलं. ठाऊक असतं तर सांगितलं असतं,
बाई तशी आहे.

म्हणजे भजीवाला नव्हता, चावीवाला नव्हता.
माझेच मला भेटायला आले होते,
चार दिवस थंडीत राहून.
मी त्यांना परके समजून नीट वागवलं.

परवा सात रस्त्याला त्या दारातून एक पाय दिसला,
घट्ट रोवलेला, पांढरी पडलेली बोटं.
घाई मलाही होती.
"होऊ दे सावकाश," म्हटलं, "मी आहे बाहेर."
आतून खोकला आला.
पाय जरा सैल झाला.