सगळ्यात लांबचं चाक

इब्र्यात जूनमध्ये दिवसा पान्हा हातात धरवत नाही,
म्हणून इशाच्या अजाननंतर आम्ही कामाला बसतो.
कंपाउंडच्या भिंतीला टेकवलेला हॅलोजन, भोवती चिलटं,
आणि फळ्यांवर घोडे, घोड्यांवर
हमूदची एक्क्याऐंशी सालची लँडक्रूझर,
चारही चाकं काढलेली,
हजामतीला बसलेल्या म्हाताऱ्यासारखी निमूट.

ब्रेक लागतात, हमूद म्हणाला होता,
फक्त आधी आठवण करून द्यावी लागते.
रियाल मोजताना मला तो विनोद वाटला.
मग वादीच्या उतारावर मी तीनदा आठवण करून दिली
आणि शेवटी गाडी थांबवली ती एका घाफच्या झाडाने.

पुढचा अ‍ॅक्सल उघडला.
आत तेल नव्हतं, दुधाळ चहा होता,
कुठल्या तरी पुराचं पाणी पिऊन बसलेला.
नकलच्या गोळ्यात ग्रीस आणि वाळूचा काळा शिरा.
हमूद रोज येतो, खुर्ची टाकतो, खजूर खातो,
कशाला हात लावत नाही.
रॉकेलने धुतल्यावर डब्याच्या तळाशी जी वाळू उरली
ती मात्र त्याने बोटावर घेतली.
ही इथली नाही, म्हणाला. ही पांढरी.
समुद्राकडची. तेव्हा मी बर्फात सुरमई आणायचो.
आणि बोट दिशदाशाला न पुसता
तसंच धरून बसला.

एक सील मी उलटं बसवलं होतं.
हे कबूल करायला मला तीन दिवस लागले;
तोवर नवे ब्रेक-शू तेलात न्हाले.
सनायातल्या कुंजुमोनने दुसरं सील दिलं,
पैसे चोख घेतले, पण हसला नाही.
हे मी विसरणार नाही.

बेअरिंगमध्ये ग्रीस भरणं ऋजुताने माझ्याआधी उचललं.
तळहातावर गोळा, कडेने दाबत न्यायचं,
पलीकडच्या फटींतून फुटेपर्यंत.
"सोऱ्यातून शेव पडते तसं," तिची आई दारातून म्हणाली
आणि दार लावून घेतलं, एसी चालू होता म्हणून.

मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलते,
हमूदशी अरबीत,
कुंजुमोनशी मल्याळममध्ये घासाघीस करते.
मराठी घरात चपलांसारखी:
असते, दाराशी.

आज हवा काढायची.
सुरुवात नेहमी सगळ्यात लांबच्या चाकापासून,
मागच्या उजव्या.
मी खाली आडवा, निपलला पारदर्शक नळी,
नळीचं टोक मुरांब्याच्या बरणीत;
ती वर, सीटवर, अंधारात.
एकमेकांना दिसत नाही.

दाब.
दाबलं.
धर.
धरलंय.
नळीतून फेस, मग मोठे बुडबुडे, मग बारीक.
निपल कसतो.
सोड.
सोडलं.

एकदाच सांगितलं होतं,
मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही,
नाहीतर गेलेली हवा परत आत येते.
बाकी काही सांगावं लागलं नाही.
ऑगस्टमध्ये ती पुण्याला जाईल, होस्टेलचे पैसे भरून झालेत.
फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात तिने काय लिहिलं
मी पाहिलं नाही.

मागचं डावं. पुढचं उजवं.
ब्रेकचं तेल रंग खातं, म्हणून फडकं हाताशी.
सगळ्यात शेवटी जवळचं चाक, तिच्या पायापाशीचं.
दाब. दाबलं. धर. सोड.
दाब.
वरून आवाज आला,
"बाबा, आता हे खाली जातच नाहीये.
एकदम दगड झालाय याचा."

मी लगेच उठलो नाही.
पाठीखालची वाळू अजून कोमट होती.
धर, म्हटलं, अजून थोडं धर.
निपल मी कधीच कसलं होतं.