चौथं बोट

वालपराइसोच्या उतारावर, एउलोहिओच्या न्हावीदुकानात
शनिवारी दाढ्या कमी, वाद जास्त:
च्युइंगमच्या कागदावरचा तो पेंग्विन
मुळात काढला कुणी?

कंपनीनं छापलेलं नाव खोटं, एवढ्यावर एकमत.
एउलोहिओ म्हणतो, नौदलातून पळालेला नकाशेवाला,
म्हणून तर समुद्र प्रत्येक चित्रात डावीकडे.
तिबुर्सिओ शपथेवर सांगतो, कैदी होता कैदी,
चौकटींच्या रेघा बघा, गजांसारख्या.
मला वाटायचं, माझ्या वडिलांनी.
ते गेले त्याच वर्षी पेंग्विनही बंद पडला.
हे मी कधी बोललो नाही.

नेलिदाबाई नातवाला घेऊन आली होती,
टोपी विणत, ऐकून न ऐकल्यासारखी.
मग आरशात खोचलेल्या जुन्या कागदाकडे बघून म्हणाली,
"बोटं तीनच होती.
चौथं म्हणजे छापखान्यातला डाग.
दरवेळी सांगायचे मी त्यांना."

कात्री थांबली.
रेडिओवर कुणी वाऱ्याचा वेग सांगत होतं.

एउलोहिओनं घसा खाकरला
आणि नकाशेवाल्याच्या तरुणपणाकडे वळला.
नेलिदाबाईनं टाके मोजले, एक उसवला.

घरी येऊन डबा उघडला.
एकशे सहा कागद, गोडसर वास अजून शाबूत.
नखानं खरवडून पाहिलं
चौथं बोट.
निघालं.
आता वडिलांचं काय करायचं, कळेना.