खाडा

कोंबडीचा दिवस पंचवीस तासांचा,
वर थोडी मिनिटं,
हे रान्वाला कुणी शिकवलं नाही.
फेरो बेटांच्या या टोकाला, स्वयंपाकघरात
मासळी सोसायटीचं कॅलेंडर,
त्यावर शिसपेन्सिलीने वेळा:
सोमवारी सात. मंगळवारी सव्वाआठ.
बुधवारी साडेनऊ, गुरुवारी पावणेअकरा.
अंडं असं रोज मागे सरकत
दुपार ओलांडू लागलं
की तपकिरी कोंबडी एक दिवस देतच नाही.
रान्वा त्या चौकटीत फुली मारते.
खाडा.
मग पुन्हा सकाळी सात,
जणू काही झालंच नव्हतं.

हानुस होता तेव्हा हसायचा या हिशेबाला.
तो जूनमध्ये कड्यावरून दोराने उतरायचा
काळ्यापांढऱ्या लोमवींच्या कलकलाटात,
जिथे एकेकीचं वर्षाचं एकच अंडं,
उघड्या खडकावर, खाली काडीसुद्धा नाही,
एका टोकाला निमुळतं, समुद्रासारखं हिरवं.
लवकर उचललं तर पंधरवड्यात दुसरं घालते, म्हणायचा,
तेही उचललंस तर मग तुझं तू बघ.
फुलमारच्या अंड्याला मात्र त्याने कधी हात लावला नाही.
त्या पक्षिणीला पहिलं अंडं घालायलाच नऊ नऊ वर्षं लागतात,
आणि ते गेलं
तर ते वर्षच गेलं.
"आणि कॉड बघ," बूट काढता काढता म्हणायचा,
"मोसमात लाखोंनी सोडते, एकाचंही नाव ठेवत नाही."

त्यांना एकच झाला. तोराल्वुर.
आता आल्बोर्गला, जहाजांच्या गोदीत वेल्डिंग करतो.
फोन रविवारी सहाला यायचा.
मग सातला. मग साडेआठला,
मागे भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी हसू.
मग एका रविवारी आलाच नाही.
रान्वाने पेन्सिल उचलली,
कोंबड्यांच्या कॅलेंडरवर त्याचं काय काम,
म्हणून ठेवून दिली.

ऑक्टोबरात पिसं झडली, नोव्हेंबरात अंडी थांबली.
साडेनऊला उजाडतं, तीनला मिटतं.
शेजारचा एयुन म्हणाला, खुराड्यात बल्ब लाव,
चौदा तास उजेड मिळाला तर देतील बिचाऱ्या.
बल्ब आणूनही दिला त्याने.
तो अजून खोक्यात आहे, लोकरीच्या गुंड्यांपाशी.
"अंधारात कुणाकडे काही मागू नये,"
असं ती म्हणाली, हे एयुनने दुकानात सांगितलं.
ती म्हणते, वायर पुरली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी, वारा जरा पडलेला,
तपकिरी कोंबडी सकाळभर कुरकुरत फिरली
आणि भुशात एक अंडं,
लिंबाएवढं, कवचावर रक्ताची बारीक रेघ.
रान्वाने ते कोटाच्या खिशात टाकलं.
घड्याळ बघायचं राहून गेलं.
घरात आल्यावर ती कॅलेंडरपुढे उभी,
एका हातात पेन्सिल, दुसरा हात खिशात,
कोमट.
गुरुवार होता.
तिने आल्बोर्गचा नंबर फिरवला.
तिकडे घड्याळ एक तास पुढे असतं,
हे तिला
रिंग वाजायला लागल्यावर आठवलं.