साठ झ्लॉटींचा आवाज

वूच शहरात, बावुत्स्की बाजारात,
बटणं आणि इलास्टिक विकणाऱ्या बाईच्या शेजारी
माझं टेबल.
शनिवारी सीडी प्लेअर,
इतर दिवशी चार्जर, कव्हरं, जे हाती लागेल ते.

गिऱ्हाईक विचारतं, आवाज कसा आहे?
खरबूज गोड आहे का, असं विचारावं तसं.
मी म्हणतो, स्वच्छ. एकदम स्वच्छ.
बोलायला काय जातं.

आतून मला ठाऊक असतं.
हा करडा, झाकणाला रबरबँड लावलेला,
गाणं थांबलं की बारीक सूं करत राहतो,
दूध उतू जायच्या आधी पातेलं करतं तसा.
खालचे स्वर जवळजवळ नाहीतच.
ढोल वाजतो तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर
कुणी टिचकी मारल्यासारखा.
धक्का बसला तर तीन सेकंद तोल सांभाळतो,
चौथ्याला अडखळतो.
साठ झ्लॉटींत आणखी काय मागायचं?

तेओदोझ्या आली नोव्हेंबरात.
हातमोजे काढले, एकात एक घालून खिशात ठेवले,
पिशवीतून स्वतःचीच सीडी काढली.
वर पेनानं लिहिलेलं: चर्च, नाताळ, २००३.
ही लाव, म्हणाली,
तुझ्या त्या धडधडाटावरून मला काही कळायचं नाही.

आधी मी महागातला दिला. दोनशे दहा.
काळा, वजनदार,
बटण दाबलं की मंद्र सप्तक छातीत उतरतं.
ती ऐकत राहिली, नजर ट्रामच्या तारांवर.
चौथं भजन संपलं,
पाचवं सुरू व्हायचं होतं,
तिनं बोट वर केलं
आणि खाली घेतलं.
नाही, म्हणाली.
काय नाही?
यात नाही.

मग करडा.
मी मनातल्या मनात ओशाळलो, खोटं कशाला बोलू.
पुन्हा तीच जागा, पुन्हा ते बोट,
पण या वेळी ते वरच राहिलं,
आणि ती हसली, मोठ्यानं,
हेडफोन लावलेली माणसं हसतात तसं, बाजाराचं भान सोडून.
किती शांत आहे रे हे मशीन!
मध्ये कसली खरखर नाही, काही नाही.

मी हेडफोन मागून घेतला.
सूं तर होतीच. होती तेवढीच होती.

एकतीस वर्षं गिरणीत, ती सांगत होती,
एका हॉलात दोनशे माग.
आम्ही एकमेकींचे ओठ बघून बोलायचो.
कुणाला मूल होणार, कुणाचा नवरा पितो,
सगळं ओठांवरून.
मला कळलं, वरचे सूर कुठे गेले ते.
धोट्यानं नेले, एकेक करून,
आणि त्यांच्याबरोबर माझ्या प्लेअरचा दोषही.

मी ऐकत राहिलो.
गाणं थांबतं, बाकं करकरतात,
आणि एक पुरुष खोकतो.
लांबलचक, मुद्दाम काढलेला खोकला.
माझा व्हालेरियन, ती म्हणाली.
डुलकी लागली होती त्याला.
जागा आहे हे दाखवायला खोकला,
आणि झोपला होता हे अख्ख्या चर्चला कळलं.

काळ्या प्लेअरमध्ये
चर्चच्या हीटरची घरघर इतकी फुगली होती
की खोकला तिच्याखाली बुडाला.
खालचे स्वर नसलेल्या या हलक्या मशीनमध्ये
तो एकटाच उभा होता,
हातात टोपी घेतल्यासारखा.

पंचावन्नला दे, ती म्हणाली.
दिला. सेलही दिले, दोन, वापरलेले.
जाताना वळून विचारलं तिनं,
आवाज स्वच्छ आहे ना रे?
तू रोज ऐकतोस, तुला कळत असेल.

हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणतो.
त्या दिवशी जीभ जरा रेंगाळली.
हो, म्हणालो.

ती ट्रामकडे गेली,
प्लेअर कोटाच्या आत धरून,
अंगठा झाकणावर दाबलेला,
रबरबँडवर तिचा भरवसा नव्हता.