जादा पुठ्ठा

चाळीस वर्षं मी भोकं पाडली.
जेकार्डचा पुठ्ठा, पंच, हातोडी.
भोक असेल तिथं दोरा उठतो,
नसेल तिथं खाली पडून राहतो.
मोर, कमळ, ताजमहाल, सगळं एवढ्यावरच.
चादर अंगावर घेणाऱ्याला
पुठ्ठा कधी दिसत नाही.

परवा अशोक चौकात पोलिसांनी
भाग्यलक्ष्मीला दुपारभर बसवून ठेवलं.
माझी धाकटी. विडीवाल्या बायकांचा ग्रुप चालवते.
हजारामागं किती विड्या छाटात काढतात,
त्याचा व्हिडिओ टाकला होता तिनं.
आधी तो दिसेनासा झाला,
मग ग्रुप,
मग साहेबांनी ड्रॉवरमधून कागद काढला:
कोण किती वाजता काय बोललं, कुठल्या बोळातून,
साखर पेठेतली येल्लूबाई
रात्री दोनला कुणापाशी रडली, तेसुद्धा.

पोरीनं कंपनीला लिहिलं.
चौदा दिवसांनी उत्तर आलं, शुद्ध मराठीत,
इतक्या शुद्ध की माणसाचं वाटेना:
‘आम्ही स्थानिक कायद्यांचा आदर करतो.
आपली गोपनीयता आमच्यासाठी मोलाची आहे.’
ती हसली. मग भांडी आपटली.
‘नाना, देताना हात कसा धजला असेल हो यांचा?’

मी सुपातली पानं उगाच चाळत बसलो.

संपाचं साल. माझी बैठक कारखान्याच्या दाराशी.
मालक खांद्यावर हात ठेवून म्हणाले,
राजय्या, नाव लिहू नकोस कुणाचं.
एक जादा पुठ्ठा घे.
सभेला जो जाईल
त्याच्या मागाच्या नंबरावर नुसतं भोक पाड.
मागितलं, दिलं.
भोकं पाडणं हेच तर माझं काम.
अकरा पडली.
दिवाळीच्या आत अकरा मागांवर नवी माणसं.
नवव्या मागावर माझा साडू होता, मल्लेशम.
भिवंडीला गेला, तो गेलाच.
मला त्या वर्षी बोनस काही जास्त मिळाला नाही.
हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय.

काल ट्रंकेतून तो पुठ्ठा काढला,
ट्यूबलाइटसमोर धरला.
उजेडाचे अकरा ठिपके
तिच्या गालावर, ओढणीवर, मागच्या भिंतीवर.
‘कुठली हो ही नक्षी?’
पोर पारखी आहे. ‘ना काठ, ना मध्य.
असं कुणी विणतं होय?’

मी म्हटलं, बस जरा.
आणि नवव्या भोकावर बोट ठेवलं.